रेडिएशनच्या मशीनमध्ये चूक झाली तर ती पकडतं कोण? कम्प्युटर की माणूस?

घरात कुणाला कॅन्सर झाला की काही शब्द एकदम रोजचे होऊन जातात. बायोप्सी, स्टेज, केमो. आणि रेडिएशन. आपल्याकडे बरेच जण त्याला 'शेक देणं' म्हणतात, कुणी 'लाइट' म्हणतं, कुणी 'करंट'.

ऑपरेशन झालं तर टाके दिसतात. केमो सुरू असेल तर सलाईनची बाटली दिसते. रेडिएशनचं तसं नाही. पेशंट टेबलवर झोपतो, बाकी सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार बंद होतं, मशीनचा आवाज येतो आणि काही मिनिटांत 'झालं, उद्या या' असं सांगितलं जातं. किरणं दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा जाणवतही नाहीत.

मग आत गेलेला डोस बरोबर होता की चुकीचा, हे कळतं कुणाला?

आजच्या घडीला या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी 'कम्प्युटरला' असं आहे. डोस ठरवण्यापासून मशीन चालवण्यापर्यंत सगळीकडे सॉफ्टवेअर आहे. आता त्यात एआय पण आलंय. चुका टाळण्यासाठी हे चांगलंच आहे. पण या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या काही चुका कम्प्युटर असूनही झाल्या, आणि काही तर कम्प्युटरमुळेच झाल्या. त्या कशा झाल्या आणि त्यातून जग काय शिकलं, हे समजून घेऊया.

आधी एक महत्त्वाची गोष्ट

हे वाचून कुणी रेडिएशन घ्यायला घाबरू नये. जगभरात कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांना उपचाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर रेडिएशनची गरज पडते आणि त्यातून असंख्य लोक बरे होतात. गंभीर चुका दुर्मीळ आहेत. मधेच सिटिंग चुकवण्याचा धोका त्यापेक्षा खूप मोठा असतो.

तरी हा विषय महत्त्वाचा आहे, कारण आकडे मोठे आहेत. आयसीएमआरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कॅन्सरचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण सापडले. यातल्या निम्म्यांना रेडिएशन लागतं असं धरलं, तर दर वर्षी सात लाखांहून जास्त माणसं या बंद दाराआड जाणार. तिथे एक टक्का चूकसुद्धा लहान नसते.

रेडिएशन दिलं कसं जातं?

आधी पेशंटचा सीटी स्कॅन होतो. डोक्याचा किंवा घशाचा कॅन्सर असेल तर चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात, म्हणजे रोज डोकं त्याच जागी राहील. त्या स्कॅनवर डॉक्टर गाठीची सीमा आखतात. आजूबाजूचे वाचवायचे अवयवही आखतात. उदाहरणार्थ लाळग्रंथी, मणका, डोळ्याची नस.

मग डोस ठरतो. तो 'ग्रे' या एककात मोजतात. घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण ६६ ते ७० ग्रे आणि तेही रोज २ ग्रे असे ३३ ते ३५ सिटिंगमध्ये, हे एक नेहमीचं गणित.

यानंतर मेडिकल फिजिसिस्ट नावाची व्यक्ती कामाला लागते. कॅन्सरच्या डॉक्टरांबद्दल सगळ्यांना माहिती असतं, पण या माणसाचं नाव बहुतेक पेशंटना शेवटपर्यंत कळत नाही. किरणं कुठल्या कोनातून, किती वेळ, किती रुंद झोतात सोडायची याचा आराखडा कम्प्युटरवर करायचा आणि मशीन खरोखर तेवढाच डोस देतंय का हे मोजायचं, हे त्यांचं काम. हा आराखडा मशीनकडे जातो आणि टेक्नॉलॉजिस्ट रोजची सिटिंग देतात.

डोस ठरलेल्या आकड्यापासून साधारण ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलू नये, असा जगभरातला संकेत आहे. कमी पडला तर गाठ परत वाढू शकते. जास्त झाला तर चांगला अवयव जळतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना महाग पडते.

आता मोजा. डॉक्टर, फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट, तीन-चार वेगळी सॉफ्टवेअर, एक मशीन आणि तीसहून जास्त दिवस. माहिती इतक्या हातांतून जाते, की कुठेतरी एक आकडा चुकायला कितीसा वेळ लागणार?

८ सेकंदांची चूक : थेरॅक-२५

२१ मार्च १९८६. अमेरिकेतल्या टेक्सासमधलं टायलर शहर. एक पेशंट पाठीवर रेडिएशन घ्यायला आला होता. मशीनचं नाव थेरॅक-२५, बनवणारी कंपनी कॅनडाची सरकारी 'ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड'.

हे मशीन दोन प्रकारे चालायचं. एक इलेक्ट्रॉन मोड, दुसरा एक्स-रे मोड. एक्स-रे मोडमध्ये झोत साधारण शंभरपट तीव्र असायचा, पण त्याच्या वाटेत धातूचं टार्गेट आडवं यायचं. झोत त्या टार्गेटवर आदळायचा आणि त्यातून एक्स-रे तयार व्हायचे. म्हणजे तो तीव्र झोत थेट माणसावर कधीच पडायचा नव्हता.

ऑपरेटर बाईंनी चुकून इलेक्ट्रॉनच्या 'ई'ऐवजी 'एक्स' दाबलं. चूक लगेच लक्षात आली. त्यांनी कर्सर वर नेला, 'ई' केलं, बाकीच्या ओळींवर भराभर एंटर मारले आणि झोत सुरू केला. आपण रोज फॉर्म भरताना करतो तसंच.

घोळ असा होता की पहिली माहिती भरून होताच मशीनने आपले चुंबक जुळवायला घेतले होते. त्याला सुमारे ८ सेकंद लागायचे. त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळलीच नाही. परिणाम काय, तर टार्गेट बाजूला आणि झोत एक्स-रेच्या ताकदीचा.

स्क्रीनवर आलं 'मालफंक्शन ५४'. याचा अर्थ काय, हे ऑपरेटरला दिलेल्या पुस्तिकेत नव्हतं. असे मेसेज त्या मशीनवर इतके वारंवार यायचे की ते आल्यावर 'पी' दाबून पुढे जायचं, ही सवयच झाली होती. स्क्रीन तर सांगत होती की डोस कमी गेलाय. त्यांनी 'पी' दाबलं. आत पेशंटला दुसऱ्यांदा झटका बसला. तो टेबलवरून उठून दारापर्यंत आला आणि दार ठोठावू लागला.

ठरलेला डोस होता १.८ ग्रे. नंतरच्या अंदाजानुसार त्याला मिळाला १६५ ते २५० ग्रेच्या दरम्यान. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांना चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही. मशीन परत सुरू झालं. ११ एप्रिलला त्याच हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या पेशंटबरोबर तेच घडलं.

मग तिथले फिजिसिस्ट फ्रिट्झ हॅगर ऑपरेटरबरोबर मशीनसमोर बसले आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले. शेवटी रहस्य उलगडलं. चूक फक्त तेव्हाच व्हायची जेव्हा टाइप करणारा माणूस पटाईत असायचा. नवशिका सावकाश टाइप करायचा, ८ सेकंद निघून जायचे आणि सगळं ठीक चालायचं.

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५चे असे ६ अपघात नोंदले गेले. किमान तिघांचा मृत्यू या जास्तीच्या डोसमुळे झाला.

मग आधीच्या मशीनमध्ये ही चूक नव्हती का?

होती! आणि हाच या गोष्टीतला खरा धडा आहे.

आधीच्या थेरॅक-२० मशीनमध्येही हाच बग सापडला. शिकागोच्या एका केंद्रात नवे विद्यार्थी आले की मशीनचे फ्यूज उडायचे. विद्यार्थी बटणं वेडीवाकडी दाबायचे, बग जागा व्हायचा, पण मशीनमध्ये बसवलेलं स्वतंत्र हार्डवेअरचं कुलूप झोत सुरूच होऊ द्यायचं नाही. फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा.

थेरॅक-२५ बनवताना 'आता सॉफ्टवेअर आहे ना' म्हणून यातली बरीचशी कुलपं काढून टाकण्यात आली. १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तो आजही जगभरात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादा बग शोधून दुरुस्त केला म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं होत नाही. एका चुकीने माणूस मरू नये, अशी सगळी व्यवस्थाच असायला हवी.

मशीन ठणठणीत, तरी चूक

थेरॅकनंतर मशीन सुधारली. पण चुकांनी जागा बदलली. आता त्या मशीनमध्ये कमी आणि आराखड्यात जास्त होऊ लागल्या.

इंग्लंड, १९८२ ते १९९१. नॉर्थ स्टॅफर्डशायरमध्ये नवीन प्लॅनिंग कम्प्युटर आला. पेशंट आणि मशीनमधलं अंतर बदललं की डोसचं गणित बदलतं. आधी ही दुरुस्ती हाताने करायचे. नवा कम्प्युटर ती आपोआप करत होता, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक हातानेही दुरुस्ती करत राहिले. एकच वजावट दोनदा! सुमारे हजार पेशंटना ५ ते ३५ टक्के कमी डोस मिळाला. हे कळायला ९ वर्षं लागली, कारण कमी डोसमुळे कुणाची कातडी जळत नाही. कॅन्सर परत येतो, आणि तो तर असाही येऊ शकतो असं सगळे समजतात.

पनामा, २००० ते २००१. इथे शरीराचा काही भाग झाकायला ब्लॉक ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये चारच ब्लॉक भरता यायचे, डॉक्टरांना पाचवा हवा होता. मग कर्मचाऱ्यांनी एक जुगाड शोधला, सगळे ब्लॉक एकच असल्यासारखे भरायचे. स्क्रीनवर चित्र बरोबर दिसायचं. पण ठरावीक पद्धतीने भरलं तर सॉफ्टवेअर वेळ जवळपास दुप्पट काढायचं आणि कुठलाही इशारा द्यायचं नाही. २८ पेशंटना जास्त डोस गेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक मे २००१ मध्ये पोहोचलं तोवर त्यातले ८ जण दगावले होते आणि किमान ५ मृत्यू रेडिएशनमुळे झाले असावेत, असा पथकाचा निष्कर्ष होता. कागद-पेन घेऊन एकदा गणित केलं असतं तरी ही चूक सापडली असती.

फ्रान्स, २००४ ते २००५. एपिनाल शहरातल्या हॉस्पिटलमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या वीसहून जास्त पेशंटना ठरल्यापेक्षा बराच जास्त डोस मिळाला. सॉफ्टवेअरमध्ये एक पर्याय निवडला जात होता, मशीन चालत होतं दुसऱ्या पर्यायावर. सॉफ्टवेअर इंग्रजीत होतं आणि कर्मचाऱ्यांकडे फ्रेंचमधली पुस्तिका नव्हती. मराठी वाचकाला ही अडचण वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

न्यूयॉर्क, २००५. मॅनहॅटनमधल्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये जिभेच्या कॅन्सरचा एक पेशंट होता. त्याचा आराखडा मधेच बदलायचं ठरलं. नवा आराखडा सेव्ह करताना कम्प्युटर हँग होत राहिला. आराखड्याचा एक भाग सेव्ह झाला, पण झोताला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या कशा हलाव्यात, ही माहिती झालीच नाही. पट्ट्या पूर्ण उघड्या राहिल्या. सलग तीन दिवस मानेपासून डोक्याच्या खालच्या भागापर्यंत ठरल्याच्या सुमारे सातपट डोस गेला.

यातली बोचणारी गोष्ट म्हणजे, पट्ट्या उघड्या आहेत हे कम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसत होतं. टेक्नॉलॉजिस्टचं लक्ष पेशंटकडे होतं. आणि उपचाराआधी करायची चाचणी झाली तिसऱ्या सिटिंगनंतर. तो पेशंट २००७ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी गेला. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण उघड केलं. त्याच बातमीनुसार २००१ ते २००८ या काळात एकट्या न्यूयॉर्क राज्यात अशा ६२१ चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक किरकोळ होत्या, पण सगळ्या नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जुन्या घटनांचा आढावा घेतला. १९७६ ते २००७ या काळात ३,१२५ रुग्णांना अशा चुकांचा त्रास झाल्याची नोंद सापडली. निम्म्याहून जास्त चुका प्लॅनिंगच्या टप्प्यावर होत्या. जवळपास एक चतुर्थांश चुका नवीन मशीन किंवा नवीन सिस्टिम आणताना झाल्या होत्या. आणि ज्या कुणी नोंदवल्याच नाहीत, त्या यात नाहीत.

मग कम्प्युटर चुका पकडतो कसा?

एवढं वाचून वाटेल की कम्प्युटर नकोच. पण तसं नाही. याच चुकांमधून आज वापरात असलेल्या बऱ्याच तपासण्या उभ्या राहिल्या. मुख्य कोणत्या ते बघूया.

१. नोंद आणि पडताळणी. आराखडा थेट मशीनकडे जातो, रोज आकडे हाताने टाइप करायचे नसतात. मशीनची जुळवणी आराखड्यापेक्षा वेगळी असेल तर झोत सुरूच होत नाही. पण मुळात आराखडाच चुकला असेल, तर ही सिस्टिम तीच चूक रोज इमानदारीने करेल. न्यूयॉर्कमध्ये तेच झालं.

२. दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून गणित. एका प्रोग्रॅमने काढलेला डोस पूर्णपणे वेगळा प्रोग्रॅम पुन्हा काढतो. दोन उत्तरं जुळली नाहीत तर काम थांबतं. पनामाची चूक इथेच पकडली गेली असती. अट एकच, दुसरा प्रोग्रॅम खरोखर स्वतंत्र हवा. पहिल्याचाच भाऊ असेल तर दोघंही एकच चूक करतील.

३. पेशंटआधी पुतळ्यावर. आराखडा आधी मोजमापाची उपकरणं बसवलेल्या एका ठोकळ्यावर किंवा पुतळ्यावर चालवून बघतात. अमेरिकेत एका केंद्राने डोकं-मानेचा असाच पुतळा वेगवेगळ्या हॉस्पिटलना पाठवला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात २५० पैकी सुमारे २८ टक्के चाचण्या नापास झाल्या होत्या. आणि ही हॉस्पिटल स्वतःहून परीक्षेला बसली होती!

४. बाहेर आलेल्या किरणांची मोजणी. पेशंटच्या शरीरातून पार होऊन आलेली किरणं पलीकडचं पॅनेल टिपतं. कम्प्युटर त्यावरून आत किती डोस गेला याचा अंदाज बांधतो. ही तपासणी खऱ्या पेशंटवर, खऱ्या वेळी होते, हा तिचा फायदा.

५. रोजचा फोटो. झोत सोडण्याआधी मशीनवरच छोटा स्कॅन होतो. आजची जागा आणि पहिल्या दिवसाची जागा यांची तुलना होते, काही मिलिमीटरचा फरकही दिसतो.

६. विचित्र आराखडा ओळखणं. हा नवा भाग. जुन्या हजारो आराखड्यांवर शिकवलेला प्रोग्रॅम नवा आराखडा बघतो आणि सांगतो, 'फुप्फुसाच्या पेशंटला एवढा डोस सहसा देत नाहीत, एकदा बघा.' अनुभवी फिजिसिस्ट जे नजरेने पकडतो, तेच.

यातली सगळ्यात चांगली तपासणी कोणती? २०१२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. थोडक्यात टळलेल्या सुमारे ४ हजार चुकांच्या नोंदी त्यांनी चाळल्या, त्यातल्या सुमारे ३०० गंभीर ठरू शकल्या असत्या अशा वेगळ्या काढल्या आणि प्रत्येक चूक कुठल्या तपासणीत सापडली असती ते बघितलं.

निकाल दोन गोष्टी सांगतो. एक, कुठलीही एकटी तपासणी पुरेशी नाही. पण साधारण सहा तपासण्या एकत्र केल्या तर ९० टक्क्यांहून जास्त गंभीर चुका सापडतात. दोन, जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ खर्च होतो ती पुतळ्यावरची चाचणी एकटी फारच थोड्या चुका पकडते. कारण ती 'मशीनने आराखड्याप्रमाणे काम केलं का' एवढंच बघते. 'आराखडा या पेशंटसाठी बरोबर आहे का' हे बघत नाही. त्यापेक्षा फिजिसिस्टने शांत बसून पेशंटची पूर्ण फाइल वाचणं कितीतरी जास्त उपयोगी ठरलं.

म्हणजे महागडी उपकरणं आणि साधं लक्षपूर्वक वाचन, या दोन्हींची एकत्र गरज आहे.

एआय आल्यावर काय बदलणार?

गाठीची आणि अवयवांची सीमा आखायला डॉक्टरांना काही तास लागू शकतात. एआय ते काम काही मिनिटांत करतं. भारत, जॉर्डन, मलेशिया आणि दक्षिण आफ्रिकेत 'आर्चरी' नावाचा अभ्यास झाला. डोकं-मान, गर्भाशयमुख आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये एआयने केलेले आराखडे वापरण्याजोगे असतात का, हे त्यात तपासलं गेलं. जिथे पेशंट खूप आणि तज्ज्ञ थोडे, तिथे हा वाचलेला वेळ मोलाचा आहे.

धोका आहे तो आपल्या सवयीचा. टायलरची ऑपरेटर 'पी' दाबत होती कारण दहा वेळा काहीच झालं नव्हतं. एआयने नव्याण्णव वेळा बरोबर सीमा आखली, की शंभराव्या वेळी डॉक्टर किती लक्ष देऊन बघेल? आराखडाही एआयने करायचा आणि तपासणीही तशाच एआयने करायची, तर ती एकच वजावट दोनदा करण्यासारखी गोष्ट होईल.

म्हणून वाचलेला वेळ कुठे जातो, हा कळीचा प्रश्न आहे. फाइल वाचायला गेला तर एआयमुळे चुका कमी होतील. नुसते आणखी दहा पेशंट घ्यायला गेला, तर तपासणाऱ्या माणसाचा वेळ पूर्वीपेक्षाही कमी होईल.

आपल्याकडे लक्ष कोण ठेवतं?

भारतात रेडिएशनच्या मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं नियंत्रण आहे. याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. परवान्याशिवाय रेडिओथेरपीचं मशीन चालवता येत नाही. केंद्रात पात्र मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी असावाच लागतो. परवान्याचं काम 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीवर चालतं. २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार अपघात कळवणं बंधनकारक आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्र वेगवेगळ्या हॉस्पिटलना पोस्टाने छोटे डोसमापक पाठवतं. हॉस्पिटल त्यावर ठरलेला डोस देऊन ते परत पाठवतं आणि मुंबईत तपासलं जातं की आकडा जुळतो का. एका पाकिटात होणारी ही साधी परीक्षा खूप कामाची आहे.

पण परवाना मिळणं ही सुरुवात आहे. मशीन पास झालं म्हणजे रोजचा प्रत्येक आराखडा पास झाला असं नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 'सॅफ्रॉन' नावाची प्रणाली सुरू केली आहे. जगातलं कुठलंही हॉस्पिटल त्यात आपली चूक किंवा थोडक्यात टळलेली चूक नोंदवू शकतं, म्हणजे इतरांना आधीच सावध होता येतं. हे ऐच्छिक आहे. चूक सांगणाऱ्याला शिक्षाच होणार असेल तर कोण सांगेल? आणि कुणीच सांगितलं नाही तर पुढचं हॉस्पिटल शिकणार कशातून? विमान क्षेत्राने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. आरोग्य क्षेत्र अजून त्या वाटेवर आहे.

पेशंट आणि नातेवाईक काय करू शकतात?

तुम्हाला फिजिक्स यायची गरज नाही. हे प्रश्न विचारता आले तरी पुरे.

- रोज सिटिंगच्या आधी आपलं पूर्ण नाव आणि कुठल्या भागाला रेडिएशन आहे ते स्वतःहून सांगा. डाव्या-उजव्या बाजूचा उल्लेख करा.
- माझा आराखडा दुसऱ्या कुणी तपासला आहे का? डोसचं गणित स्वतंत्रपणे पुन्हा केलं आहे का? हे डॉक्टरांना विचारा. चांगल्या केंद्रात या प्रश्नाचा राग येत नाही.
- इथले मेडिकल फिजिसिस्ट कोण आहेत, हे विचारा. शक्य असेल तर एकदा भेटा.
- आराखडा मधेच बदलला, किंवा मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर 'परत तपासलंत ना?' एवढं विचारा. घाईत झालेला बदल हा सगळ्यात धोक्याचा क्षण असतो.
- त्रास अपेक्षेपेक्षा जास्त वाटला तर 'रेडिएशन म्हटल्यावर एवढं होणारच' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी सांगा. पनामात डॉक्टरांना पहिला संशय आला तो पेशंटच्या न थांबणाऱ्या जुलाबांवरून.
- उपचार संपल्यावर एकूण डोस, किती सिटिंग आणि कुठल्या भागावर, हे लिहिलेला कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे पुन्हा रेडिएशनची वेळ आली तर हाच कागद लागतो.

आणि एक शेवटचं. टायलरमध्ये २१ मार्चला त्या खोलीतला कॅमेरा बंद होता आणि इंटरकॉम बिघडलेला होता. पेशंट आत ओरडला ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबलं गेलं. सॉफ्टवेअरचा बग शोधायला तज्ज्ञ लागले, पण तो दुसरा झटका टाळायला चालू असलेला एक माइक पुरला असता.

तेव्हा दार बंद होण्याआधी टेक्नॉलॉजिस्टला बिनधास्त विचारा, 'मी हाक मारली तर तुम्हाला ऐकू येईल ना?'